कोरं जेल

जखम केल्यावर प्रत्येक उंदराला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवायचं, हा आमच्या कामातला नियम. एकत्र ठेवले की ते एकमेकांच्या जखमा चाटतात आणि मग जखम औषधानं भरली की चाटण्यानं, काही कळत नाही. नव्यानं आलेल्यांना हे सांगितलं की कुणीतरी हमखास म्हणतं, अगं बाई, किती वाईट! वाईट तर वाईट. सगळे एकटे राहिले तरच आकडे खरे येतात.

कोल्हापुरातल्या एका फार्मसी कॉलेजात मी दगडीपाल्याचं जेल तपासत होते. बांधावर उगवणारा हा पाला. विळा लागला की चोळून जखमेवर दाबायचा, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्याचा अर्क जेलमध्ये मिसळून उंदरांच्या पाठीवर लावायचा, एक दिवसाआड पारदर्शक कागदावर जखमेची कड पेनानं गिरवून घ्यायची आणि तो आलेखाच्या कागदावर ठेवून चौकटी मोजायच्या. काही उंदरांना खरं जेल, काहींना नुसतं कोरं, म्हणजे अर्क न घातलेलं. जखम पाल्यानं भरली की आपोआप भरली, ते कळायला हे कोरं लागतंच.

रविवारची पाळी कायम माझी. तुला काय, एकटीच तर आहेस, असं सगळे प्रेमानं म्हणायचे आणि मी मान डोलवायची. खोटं कशाला सांगू, राग यायचा. शिवाजी पेठेत माझी खोली. रविवारी पोरं जर्सी घालून मॅचला निघायची, गल्लीभर दंगा, आणि मी डबा घेऊन उंदरांकडं. दिवसभरात जे काय बोलणं व्हायचं ते फोनवर, आबांशी. माझे वडील वारणानगरच्या बाजूला गावी राहायचे, आई गेल्यापासून तेही एकटेच. जेवलीस का, जेवलात का, एवढ्यावर फोन संपायचा. तरी त्या फोनची मी दुपारपासून वाट बघायची.

मग आबांना नवी चप्पल चावली. साखरेचं दुखणं जुनंच. अंगठ्याची जखम महिना झाला तरी भरेना. गावातल्या डॉक्टरकडं जाऊन पट्टी करून घ्यायचे, पण रोज फोनवर एकच धोशा, तुझं ते जेल आणून दे. सांगून सांगून दमले, ते अजून उंदरांवर चाललंय, माणसाला लावायची परवानगी नाही, उद्या काही झालं तर काय करायचं? त्यावर ते म्हणायचे, तू लहानपणी पडलीस तवा तुझ्या गुडघ्याला पाला लावला, कुणाची परवानगी घेतली हुती? कप्पाळ!

शेवटी मी एक शहाणपणा केला. कोऱ्या जेलची ट्यूब भरली आणि सुट्टी काढून गावी नेऊन दिली. नियम मोडला नाही, अपाय होणार नाही, वर म्हाताऱ्याचं समाधान. डॉक्टरची पट्टी चालू ठेवा, हे सांगितलं ते एसटीत चढता चढता. परतीच्या वाटेवर माझी मलाच मी फार हुशार वाटले.

आबांनी दुसऱ्याच दिवशी, मला न सांगता, डॉक्टरकडं जाणं सोडलं. औषध करणारी लेक घरात असताना परक्याचे पाय कशाला धरायचे? फोनवर विचारलं की म्हणायचे, बरं हाय, भरत आलंय. उंदरांच्या जखमेची चौकट न् चौकट मोजणारी मी, बापाची जखम डोळ्यांनी बघायला एकदाही गेले नाही. रविवारची पाळी होती ना माझी.

आबांच्या शेजारच्या काकूंचा फोन आला तोवर अंगठा काळा पडला होता. आबांना कोल्हापुरात आणलं. अंगठा काढावा लागला, पाय तेवढा वाचला.

वॉर्डात त्यांच्या तोंडाला खळ नव्हता. नर्सला, बाजूच्या पेशंटला, झाडायला येणाऱ्या मावशींना, दिसेल त्याला सांगत सुटले, लेकीचं औषध एक नंबर, माझंच रगात वाईट. मी पाण्याची बाटली धरून तिथंच उभी. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्याच आठवड्यात आमचे आकडे आले. खरं जेल लावलेल्या उंदरांच्या जखमा बाकीच्यांपेक्षा लवकर भरल्या होत्या. कॉलेजात पेढे वाटले. माझा मी तसाच डब्यात ठेवला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी, भेटायला आलेली माणसं गेल्यावर, मी कॉटजवळ जाऊन उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"आबा, त्या ट्यूबमधी औषध न्हवतंच. नुसतं कोरं जेल हुतं."

त्यांनी पायाच्या बँडेजकडं बघितलं. आता शिव्या घालतील, असं वाटलं. घालाव्यात, असंही वाटलं.

"व्हय," ते म्हणाले. "पाल्याचा वास कुठं हुता त्याला? पहिल्याच दिशी ध्यानात आलं."

मग लावत कशाला बसलात, मी विचारलं. आवाज चढलाच माझा, दुसरा कुठला निघेना.

"तू दिलतंस की," ते म्हणाले, आणि मला कॉटवर टेकता यावं म्हणून त्यांनी तो पाय हातानं उचलून हळूच बाजूला घेतला.