इटली मच्छिंद्राची सायकल

खुटबावात मच्छिंद्राला सगळे ‘इटली’ म्हणायचे. गडी पुण्यात एका साहेबाच्या बंगल्यावर माळीकाम करायचा. साहेबानं बंगला सोडून जाताना त्याला आपली सायकल दिली. तेव्हापासून याचं एकच पालुपद, “सायकल इटलीची हाय.” लोक हसायचे. सगळ्यांत मोठ्यानं हसायचा तो शिरूरचा सायकलवाला अयुब. “मग माझा पंप लंडनचा!” म्हणायचा मेला.

मच्छिंद्र वारला. चाकं, हँडल ज्यानं त्यानं नेलं. उरलेल्या सांगाड्यावर त्याच्या बायकोनं, जाईबाईनं, दोडक्याचा वेल चढवला. तरी लोकांची जीभ थांबते होय! नातवाच्या बारशातसुद्धा कुणीतरी “इटलीचा नातू” म्हणालं आणि जाईबाईचं डोकं फिरलं. एसटी धरून ती थेट अयुबच्या दुकानात.

“अयुबभाई, माझा मालक खोटारडा व्हता का, ते एकदाचं बघून सांगा. पर वेलाला धक्का न्हाई लावायचा. दोडकी लागल्यात.”

आता आली का पंचाईत! अयुब खुटबावात येऊन वेलाखाली घुसला. गंज खरवडला, तर नाव ना निशाणी. म्हणाला, पायडलचा दांडा ज्यात फिरतो तो उजवा कप खोलून आतून बघू. या कपाचे आटे उलटे असतात, हे कुठलाही सायकलवाला झोपेतसुद्धा सांगेल. बाकी बहुतेक सगळं डावीकडं फिरवून सुटतं, हा उजवीकडं. अयुबनं पाना उजवीकडं दाबला. कप ढिम्म. रॉकेल ओतलं. पाटसच्या कारखान्यातला फिटर संपत लांब पाईप घेऊन आला, तो पान्यावर चढवून दोघं मिळून पाईपाला लोंबकळले. पाईप वाकला, कप तिथंच. दोडकी मात्र टपाटप गळायला लागली.

“आवं, माझी दोडकी!” जाईबाई ओरडली.

अयुबची सटकली. “सुटत न्हाईस व्हय? मग बस कायमचा!” म्हणत त्यानं कप आवळायला डावीकडं हिसका दिला.

कर्र! कप सुटून हातात आला.

संपतनं टाळ्या वाजवल्या. अयुब मात्र पांढराफटक. उजवा कप, आन् आटे सुलटे? त्याचा उस्ताद म्हणायचा, असे आटे इटलीच्या सायकलला असतात. अयुबला ती उस्तादाची थाप वाटायची. त्यानं कप लेंग्याला पुसला. आतल्या अंगाला बारीक इंग्रजी अक्षरं होती. संपतनं वाचली, “आय, टी, ए, एल. वाय गंजला वाटतं.”

“वैनी,” अयुब कप तिच्यापुढं धरत म्हणाला, “इटलीचीच हाय वो.”

जाईबाई मटकन खाली बसली. “मीबी हसायचे त्यास्नी. रोज. ‘इटलीवाले, भाकर वाढू का?’ म्हनायचे.” आणि पदर तोंडाला लावून रडली.

अयुबनं वेलाखाली बसूनच सांगाडा घासला, आकाशी रंगवला. चाकं बसवतो म्हणाला, तर जाईबाईनं साफ नकार दिला. दोडक्यांचा बहार होता.

आता ती पाटसच्या बाजारात बसून ओरडते, “घ्या दोडकी, इटलीची!” लोक पुन्हा हसतात. अयुब हसत नाही. शिरूरहून येतो, गुपचूप अर्धा किलो घेऊन जातो. दोडकं त्याला जन्मात आवडलेलं नाही.