स्क्रूवरचा तांबडा ठिपका

लायल टोर्गरसनच्या हातची एकही रायफल हातोड्याचा मार खाल्ल्याशिवाय दुकानाबाहेर पडली नाही. हातोडा रबराचा होता, पण हात दणकट होता. रिकामी रायफल बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दांडा, ओढून ताणायची, सेफ्टीचा खटका काढायचा आणि मग दस्त्यावर, नळीवर, दोन्ही कुशींवर दणादण ठोकायचं. आतली पिन ‘टक्’ करून सुटली, तर चाप फार हलका लागलाय असं समजायचं आणि रायफल पुन्हा टेबलावर घ्यायची. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी लायल ठोकायचा. नवीकोरी रायफल अशी बडवलेली पाहून काहींचा जीव कासावीस व्हायचा. लायलला त्याची पर्वा नव्हती.

“तुझ्या दुकानात रायफल घ्यायची म्हणजे लेक सासरी पाठवण्याआधी तिला फटके मारण्यासारखं आहे,” त्याचा मित्र ड्वाइट म्हणायचा. ड्वाइटचं समोरच चाऱ्याचं दुकान होतं. कॉफी मात्र तो रोज लायलकडे येऊन प्यायचा, फुकट.

“माझी लेक तर मलाच फटके मारते,” लायल म्हणायचा. “तू कप विसळून ठेव.”

हातोड्यामागचं कारण ॲश क्रीक गावात एकट्या लायललाच ठाऊक होतं. तो सात वर्षांचा असताना त्याचा काका सेल्मर कुंपण ओलांडताना गोळी लागून मेला. स्वतःचीच रायफल ओढताना सुटली, असं सगळ्या गावानं मानलं, कारण मरताना सेल्मर स्वतःच तसं बोलला होता. खरी गोष्ट लायलच्या बापानं, आयनारनं, अगदी शेवटच्या आजारात सांगितली. रायफल आयनारची होती आणि बोटही आयनारचंच होतं. सेल्मरनं धाकट्या भावाचा हात धरून म्हटलं होतं, ‘माझ्याच हातून सुटली म्हणून सांग.’ आयनारनं तसं सांगितलं आणि त्यानंतरची सगळी वर्षं ते खोटं उराशी धरून काढली. तो घरच्यांबरोबर टेबलाशी जेवायला बसत नसे. ताट घेऊन पडवीत जायचा आणि कुंपणाकडे पाठ करून खायचा. लायलनं लहानपणापासून ती पाठच बघितली. माणूस जिवंत असून घरात नसतो म्हणजे काय, हे त्याला दुसऱ्या कुणी शिकवावं लागलं नाही.

म्हणून टोर्गरसनांच्या घरात एक रीत ठरली. डोंगरात चालताना नळीत काडतूस नसायचं. मॅगझिन, म्हणजे खालची काडतुसांची पेटी, भरलेलं असायचं, पण बोल्ट बंद करताना वरचं काडतूस बोटानं खाली दाबून बोल्ट त्याच्यावरून सरकवायचा, म्हणजे नळी रिकामीच राहते. गुडघा टेकून जनावरावर नेम धरला की मगच गोळी भरायची. चालताना बोल्ट बंद दिसला की रायफल रिकामी, हे त्या घरात कुणी कुणाला विचारत नसे. लायलनं ही रीत ब्रिटाला ती शाळेत असतानाच शिकवली. काडतूस दाबायला तिचं बोट पुरायचं नाही, तर ती अंगठा लावायची.

ब्रिटा आता गुरांच्या डॉक्टरकडे काम करायची. चार वर्षांपासून तिला डोंगरातल्या नेमबाजीच्या स्पर्धांचं वेड लागलं होतं. पाठीवर सामान घेऊन चढायचं, झाडीत लपवलेली पोलादी पाटी शोधायची, अंतर काढायचं आणि घड्याळ संपायच्या आत पाटी वाजवायची. रायफल जड असली तर पाय बोलतात, हलकी असली तर ती खांद्यावर उडी मारते आणि आपली गोळी कुठे लागली ते दिसतही नाही. ब्रिटाला एकच रायफल हवी होती. उन्हाळ्यात स्पर्धेला तीच न्यायची आणि शरदात एल्क हरणांच्या शिकारीलाही तीच.

“दोन नवऱ्यांची बायको होते का कधी?” लायल म्हणाला.

“बाबा, वजन किती कमी करता येईल ते सांगा. संसाराचं मी बघते.”

लायलचा अक्रोडाच्या लाकडावर जीव होता. तरी त्यानं त्या हिवाळ्यात नाक मुरडत कार्बन फायबरचा दस्ता मागवला. नळीही वरून कार्बन गुंडाळलेली बारीकशी घेतली. बोल्टवर खाचा पाडल्या, जिथे जिथे धातू फुकट बसून खात होता तिथून तो काढला. नळीच्या तोंडाशी झटका कमी करणारी टोपी बसवली आणि दस्त्याचा तोल पुन्हा पुन्हा बोटावर तोलून पाहिला. रोज काम संपलं की तो ती हातात घ्यायचा. इतकी हलकी वस्तू हातात आहे हे हात विसरून जातो, असं त्याला वाटायचं. ड्वाइटला तो तसं म्हणालाही.

“म्हातारा झालास,” ड्वाइट म्हणाला. “माझा हात सकाळी कॉफीचा कपसुद्धा विसरतो.”

चाप ब्रिटानं स्वतःच्या पसंतीनं लावून घेतला. बोट नुसतं टेकवलं की सुटेल असा. लायलनं रायफल ताणली आणि हातोडा उचलला. पहिल्या काही ठोक्यांना काहीच झालं नाही. मग दस्त्याच्या मागच्या कडेवर एक ठोका बसला आणि आतून ‘टक्’ आवाज आला.

लायल हातोडा खाली ठेवायचं विसरला. “नाही,” तो म्हणाला.

“बाबा, स्पर्धेत बोल्ट उघडाच असतो! आम्ही पाटी दिसेपर्यंत बंदच करत नाही. सेफ्टीला हातसुद्धा लावायची वेळ येत नाही.”

“डोंगरातल्या एल्कला तुमचे नियम कुणी वाचून दाखवलेत?”

त्यानं स्क्रू आवळून चाप जड केला, पुन्हा मनसोक्त ठोकलं, आणि बायकोची नखं रंगवायची बाटली कपाटातून काढली. बाई जाऊन सहा वर्षं झाली होती, रंग घट्ट झाला होता. त्यातला एक तांबडा ठिपका त्यानं स्क्रूच्या डोक्यावर टाकला. कुणी स्क्रू फिरवला तर ठिपका फुटणार.

“आईच्या रंगाची शपथ घालता होय!” ब्रिटा हसली. पण पुढे तिनं वाद घातला नाही.

ऑगस्टमध्ये ब्रिटा स्पर्धा जिंकली. सगळ्या गावात बोलबाला झाला. ड्वाइटनं आपल्या दुकानाच्या पाटीवर खडूनं तिचं नाव लिहिलं आणि स्पेलिंग चुकवलं. रायफल साफ करायला दुकानात आली तेव्हा लायलनं पाहिलं, ठिपका मधोमध फुटला होता.

“फिरवलास?”

“फक्त स्पर्धेपुरता. शिकारीआधी परत आवळते, शप्पथ.”

लायलनं तेव्हाच हातोडा घ्यायला हवा होता. पण पोरगी जिंकून आली होती आणि तिच्या चेहऱ्यावर तिची आई दिसत होती. त्यानं रायफल पुसून तिच्या हातात दिली.

शिकारीच्या सकाळी तिघं ड्वाइटच्या ट्रकमधून निघाले. ड्वाइटचा गुडघा कामातून गेला होता, म्हणून तो खाली ट्रकजवळ रेडिओ घेऊन बसणार होता. निघताना लायलच्या मनात आलं, विचारावं का, स्क्रू आवळलास का? पण ड्वाइट शेजारी होता, आणि राज्याबाहेरच्या लोकांना हरवून आलेल्या एकतीस वर्षांच्या बाईची परीक्षा त्याच्यासमोर कशी घ्यायची? त्यानं तोंड उघडलं आणि वाळवलेल्या मांसाचा तुकडा त्यात टाकला.

वर आभाळ खाली उतरलं होतं. रानात एकही पाखरू बोलत नव्हतं. लायलला ते आवडलं नाही, पण जनावराच्या खुणा ताज्या होत्या आणि त्या दोघांनाही ओढत होत्या. ब्रिटा पुढे चालली होती. मॅगझिन भरलेलं, बोल्ट मागे ओढलेला, उघडा. स्पर्धेत चालतात तशी. लायलला ते बघवत नव्हतं.

बर्फ पडायला लागला. “अगं, बोल्ट बंद कर,” तो हळूच म्हणाला. “आत बर्फ जातोय.”

ब्रिटाची नजर खुणांवर होती. तिनं न बघता बोल्ट पुढे ढकलला आणि खाली दाबला. चार वर्षं तिचा हात तेवढंच करत आला होता. वरचं काडतूस खाली दाबायला अंगठा गेला नाही, सेफ्टीच्या खटक्याकडेही गेला नाही. लायलचीही नजर खुणांवरच होती. त्याला फक्त बोल्ट बंद झाल्याचा आवाज आला, आणि बरं वाटलं.

पुढे जुनं तारेचं कुंपण आलं. लायल आधी पलीकडे गेला. त्यानं खालच्या तारेवर बूट ठेवला आणि वरची हातानं उचलून धरली. ब्रिटानं आपली रायफल तारेखालून सारून पलीकडे बर्फावर ठेवली, तोंड बाजूला करून, शिकवलं होतं तसं. मग ती वाकली. चढावर रायफल घसरायला लागली. इतकी हलकी, पानासारखी निघाली. लायलनं खाली वाकून तिची नळी पकडली आणि आपल्याकडे ओढली.

भरलेली रायफल त्यानं जन्मात कधी नळीला धरून ओढली नसती. पण बोल्ट बंद होता, आणि बंद म्हणजे रिकामी. झुडपाची एक वाळकी काडी चापाच्या कडीत शिरली होती.

आवाज झाला तेव्हा त्याला आधी वाटलं, दुसरंच कुणीतरी जवळपास शिकार करतंय. मग तो खाली बसला. मांडीखालचा बर्फ तांबडा होत होता.

ब्रिटानं एक किंकाळी फोडली आणि मग एकही नाही. तिनं कमरेचा पट्टा काढला, मांडीवर वर बांधला, काठी घालून पिळला. घोड्यांचे पाय बांधलेले हात होते ते. पिळताना ते सुटले नाहीत. “बाबा, बघा माझ्याकडे. बाबा.”

तो बघत होता. आणि तिच्या चेहऱ्यावर त्याला आयनारची पाठ दिसली. ताट घेऊन पडवीत जाणारी. त्याला गोळीपेक्षा त्या पाठीची जास्त भीती वाटली.

आवाज ऐकून ड्वाइट लंगडत, धापा टाकत वर आला. रेडिओ हातात. “अरे देवा. काय झालं? कुणाच्या हातून?”

सेल्मरचं वाक्य लायलच्या जिभेवर तयार होतं. ‘माझ्याच हातून सुटली.’ अर्धं तर ते खरंही होतं. ब्रिटा त्याच्याकडे बघत होती, आणि तो हे म्हणेल याची ती वाट बघतेय हे त्याला दिसलं. पोरगीच ती, तिचा काय दोष. त्यानं ओठ उघडले.

“हिला विचार,” तो म्हणाला.

“बाबा...”

“सांग. मी ऐकतोय तोवर सांग. माझ्या बापाला कुणी सांगू दिलं नाही.”

ब्रिटाचे दोन्ही हात काठीवर होते, डोळेसुद्धा पुसता येत नव्हते. “बोल्ट मी लावला,” ती म्हणाली. “काडतूस नळीत गेलं, मी बघितलं नाही. चाप मी हलका केला होता. परत आवळला नाही. आवळेन म्हणाले होते.”

“आणि मी नळीला धरून ओढली,” लायल म्हणाला. “तेही सांग. आणि तू उद्यापासून टेबलाशी बसून जेवायचंस. ऐकलंस?”

ती मान हलवत राहिली. त्याला न्यायला हेलिकॉप्टर या हवेत येईल की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. ड्वाइटनं रेडिओ तोंडाशी धरला आणि खाली गावातल्या मदतीच्या माणसांना, ब्रिटानं सांगितलं होतं, अगदी तसंच सांगितलं.