मुठेळीच्या मुळाची माती

आमच्या घरात मुलगी सासरी निघाली की तिच्या सामानात केळीचं एक पिल्लू जातं. मुठेळीचं, म्हणजे आमच्या कोकणातल्या आखूड, गोड केळ्यांच्या जातीचं. मुळाला धरलेला मातीचा गोळा तसाच ठेवायचा, ओल्या गोणपाटात गुंडाळायचा आणि सासरी विहिरीच्या पाटाशी लावायचा. माती झाडायची नाही, धुवायची तर नाहीच, ती माहेरची असते. पहिला घड पिकला की त्यातली एक फणी माहेरी परत येते. आईची केळ अशीच वेंगुर्ल्याकडून तिच्याबरोबर एस्टीने आली. ताईची आईच्या परसातून आचऱ्याला गेली. मी धाकटी, लग्न न केलेली, त्यामुळे माझ्या वाट्याला नुसतं खाणं आलं, आणि ते मी मन लावून केलं.

आमच्याकडे देवाला मुठेळी, आजाऱ्याला मुठेळी. बाजारातल्या लांबलचक केळ्यांकडे आई ढुंकून बघायची नाही. कुणी आणलीच तर म्हशीला घालायची.

ताईचा नवरा गेला तेव्हा तिची मुलगी शाळेत होती. सासरच्यांनी घरामागची जमीन तिला दिली आणि जबाबदारी संपवली. आईकडून आलेल्या त्या एका केळीची पिल्लं फोडत फोडत ताईने तिथे बाग उभी केली. देवळाजवळचा दुकानदार घड न्यायचा, मालवणच्या खानावळी पानं न्यायच्या. ताईला कुणापुढे हात पसरावा लागला नाही तो या बागेमुळे, आणि हे आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची.

मग आमच्या परसातल्या केळी पिवळ्या पडू लागल्या. आधी खालची पानं, देठात मोडून बुंध्याभोवती लोंबणारी. नंतर बुंधे जमिनीजवळ उभे चिरले. आईने शेण घातलं, राख घातली, दिष्ट लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळल्या. कृषी खात्यात विचारूया, असं मी म्हटलं.

"तुझ्या खात्यावाल्यांका माझी केळ काय ठावक?" आई म्हणाली.

एका सकाळी तिने त्यातल्या त्यात हिरवी दिसणारी पिल्लं खणून काढली, मातीसकट गोणपाटात गुंडाळली आणि आचऱ्याला निघाली. "हयसर ती जगाची नाय. थयसर तरी जगांदेत," म्हणाली. मीही बरोबर होते. गाडीत तिने ते गोणपाट मांडीवरून खाली ठेवलं नाही. ताईला कोण आनंद झाला. कुठे लावायची यावरून दोघी मायलेकी तासभर भांडल्या आणि शेवटी बागेच्या मधोमध, पाटाच्या कडेने लावली. त्या दिवशी दोघी खूप हसल्या. ते हसणं मला अजून ऐकू येतं आणि सहन होत नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर ताईचा फोन आला. तिच्याकडेही खालची पानं पिवळी पडली होती, नव्या केळींपासून सुरू होऊन दोन्ही बाजूंना. आम्ही गेलो तेव्हा तिने बोलावलेले कृषी सहायक आले होते. त्यांनी एक बुंधा कोयत्याने आडवा कापला. आत लालसर तपकिरी कड्या होत्या, सुपारी फोडल्यावर दिसतात तशा.

"हा मर रोग," ते म्हणाले. "बुरशी आहे, मातीत राहते. मुळातून शिरते आणि पाणी वर चढू देत नाही. लागल्यावर औषध नाही. रोगट केळीचं पिल्लू वरून चांगलं दिसलं तरी लावायचं नसतं, आणि तिथली माती तर आणायचीच नसते. चपलेला लागूनसुद्धा ती जाते. आता कित्येक वर्षं इथे मुठेळी लावू नका." मग कोयता पुसत त्यांनी विचारलं, "ही मधली रोपं आणली कुठून?"

आई विहिरीपाशी उभी होती. तिने तोंड उघडलं होतं, पण ताई आधी बोलली.

"मालवणच्या बाजारातून, साहेब. माणूस ओळखीचा नव्हता."

"असेच फसवतात लोक," ते म्हणाले.

आईने मान खाली घातली ती वर केलीच नाही. राग काढायला कुणी समोर असतं तर मी त्याची खरडपट्टी काढली असती, पण राग काढायचा कुणावर? आईने नेमकं तेच केलं होतं जे तिच्या आईने केलं होतं. परतीच्या गाडीत ती म्हणाली, "तिना माझो मान राखल्यान. पण माझ्याच हातान गेला गो तिचा सगळा."

त्यानंतर आई ताईच्या आवारात पाऊल टाकेना. चपला रस्त्यातच काढायची, घरून नेलेल्या बाटलीतल्या पाण्याने पाय धुवायची आणि तरीही आवाराच्या दगडी गडग्याबाहेर उभी राहायची. ताई चहा बाहेर आणून द्यायची. किती विनवलं तरी एकच उत्तर, "त्या कडेच्यो अजून हिरव्यो आसत. त्यांका नको लागाक." आम्ही गडग्याच्या दगडावर बसून चहा प्यायचो आणि आई मान उंच करून कडेच्या केळी बघायची. दर खेपेला त्यातली एखादी कमी झालेली असायची. ताई मेलेली केळ तोडून तिथेच जाळायची. पुढे ती काजूच्या कारखान्यात सोलायला जाऊ लागली. काजूच्या चिकाने तिची बोटं काळी पडली आणि ती आईपासून लपवायला ताई चहाचा कप पदरात धरून द्यायची.

यंदा चतुर्थीच्या आधी आम्ही गेलो तर घरामागे नुसती जमीन दिसत होती. आईने सवयीने रस्त्यात चपला काढल्या आणि गडग्याशी थांबली. ताई बाहेर आली. या वेळी हात लपवले नाहीत. त्याच हातांनी तिने आईचं मनगट धरलं.

"आये," ती म्हणाली, "आता हयसर मराक काय रवला नाय. भितर ये."

आईने तरीही आधी पाय धुतले आणि मग आत गेली.