कूलर लावलेली खोली

उन्हाळ्यात शेजारी कूलरच्या टाकीत पाणी सोडल्याचा आवाज आला, की ती घटना मला आजही आठवते. वऱ्हाडात हा आवाज घरोघरी असतो. तो टाळायचा म्हटला तर गावच सोडावं लागेल. मी आता अमरावतीत निवृत्त आयुष्य जगतो. माझ्या हातून झालेल्या एका तपासात जो माणूस दोषी ठरला, त्याचा दोष नव्हता. ते आज लिहितो. नाव कुणाचंच देणार नाही.

तेव्हा अकोल्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. शिपाई म्हणून भरती झालो होतो आणि खात्याच्या परीक्षा देत, बदल्या सोसत निरीक्षकापर्यंत पोचलो होतो. माझ्या हाताखाली एक महिला उपनिरीक्षक आली. थेट परीक्षेतून आलेली, वयानं माझ्या मुलीपेक्षा लहान. कुठल्याही घरात शिरली की मला जे दिसायला वेळ लागे ते तिला आधी दिसायचं. अधीक्षक साहेबांचा फोन आला की माझी ख्यालीखुशाली विचारून म्हणायचे, "जरा मॅडमना द्या." रिसीव्हर तिच्याकडे सरकवून मी उगाच समोरची फाइल उघडायचो.

एका सकाळी फोनवर खबर आली. "साहेब, आमच्या गल्लीत एका घरात घोरपडी कोंडून ठेवल्या. एक मेलेली उकिरड्यावर फेकली." घोरपड म्हणजे संरक्षित प्राणी, म्हणून वनविभागाच्या माणसाला सोबत घेऊन आम्ही गेलो. घरात एक म्हातारी आणि तिचा थोरला मुलगा. मागच्या खोलीत काचेच्या पेटीत दोन प्राणी होते. गळ्याखाली काटेरी दाढी, डोळे मिटलेले, तोंडाशी फेस. वनविभागाचा माणूस वाकून बघत म्हणाला, "ही घोरपड नाही साहेब. परदेशी सरडा आहे. बियर्डेड ड्रॅगन म्हणतात. आमच्याकडं नाही येत हे."

खोलीत वाळ्याचा ओला वास होता. कूलर पेटीच्या तोंडावर लावलेला आणि पेटीवरचा दिवा बंद. मी कूलरचं बटण बंद केलं, तशी म्हातारी दारातून म्हणाली, "बंद नका करू ना बाप्पा. त्यायले गरम होते."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. पंचनाम्यात ते नाही.

प्राणी धाकट्या मुलाचे होते. तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि जाताना ते घरी ठेवून गेला. मालकीचे कागद त्याच्याकडे होते. बातमी कळताच तो आला आणि ठाण्यात फिर्याद दिली : "दादानं मुद्दाम मारलं. त्याला माझं काहीच बघवत नाही." प्राण्यांना क्रूरतेनं वागवल्याचा गुन्हा दाखल झाला.

उरलेले दोन सरडे आमचा जिवंत मुद्देमाल झाले. मालखान्यात ठेवले असते तर दोन दिवसांत मेले असते. उपनिरीक्षिकेनं पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून सगळं समजून घेतलं. हा वाळवंटातला प्राणी. अंग तापल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही. ओल आणि गारवा लागला तर छातीत कफ भरतो. तिनं आपल्या टेबलावरचा दिवा पेटीवर टांगला, बसायला विटेचा तुकडा ठेवला, सकाळी उन्हात त्यांना गच्चीवर नेऊ लागली. औषध ड्रॉपरनं पाजायची. कोहळ्याचा कीस, जास्वंदीची फुलं, किडे असं पथ्यपाणी सुरू झालं. ठाण्यात थट्टेला ऊत आला.

"मॅडम, तुमच्या जावयानं आज नाश्ता केला का?" हवालदार विचारायचा.

"केला. तुमच्यासारखा तीनदा नाही केला."

आठवड्याभरात ते मान वर करू लागले. तिच्या तळहातावर डोळे मिटून पडून राहायचे. मी हात पुढे केला की गळा काळा करून फुगवायचे. अधीक्षक साहेब मुद्दाम बघायला आले आणि तिच्या हातावरचा सरडा पाहून हसले. दुसऱ्या दिवशी तिचा फोटो वर्तमानपत्रात होता. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण मी त्या फोटोवर चहाचा कप ठेवला. तपास मीच पुरा करायचा, असं तेव्हा मनाशी ठरवलं.

थोरल्याला चौकशीला बोलावलं. तो हिवरखेडला कृषी केंद्रात कामाला होता. सकाळच्या एसटीनं जायचा, दिवेलागणीला परत यायचा. हात न लावता माणूस कसा बोलता करायचा, ते मला येत होतं. शिवाय या माणसाला काय सलतं, हे मला न सांगताच कळलं होतं.

"आई भावाशी फोनवर काय बोलते?"

"जेवला का, झोपला का. मंग त्या सरड्यायचं."

"आणि तुझं?"

"माहं काय? मी त घरीच असतो."

"जळतोस ना त्याच्यावर?"

"जळतो ना साहेब. खोटं कायले बोलू? आईच्या गोळ्या मी आणतो, पाय मी चेपतो. अन् आई शेजारणीले सांगते, माहा लहाना बंगलोरले हाय. मी कोठी हाय ते कोनी इचारतच नाई."

"म्हणून त्याची जनावरं मारलीस."

मी म्हणालो, "ठीक आहे. मग तुझ्या आईला बोलावून विचारतो."

तो उठूनच उभा राहिला. "तिले नका आनू इथं. लिहा साहेब. मीच केलं."

मला वाटलं, जिंकलो.

उपनिरीक्षक दार लावून माझ्यासमोर उभी राहिली. "सर, हा जळतो हे खरं. पण यानं केलं नाही. मेलेल्याचं पोट भरलेलं होतं, डॉक्टरांनी सांगितलं. मारायचं असतं तर खाऊ कोण घालेल? आणि या उन्हात कूलरची टाकी दुपारी दोनदा भरावी लागते. दुपारी हा हिवरखेडला असतो. घरात एकच माणूस उरतं."

"म्हणजे म्हातारीनं मारलं?"

"मारलं नाही सर. आपण घरात जे करतो तेच केलं. उन्हाळ्यात दिवा कशाला म्हणून बंद केला, आणि स्वतःच्या खोलीतला कूलर त्यांना लावला."

तिचं बोलणं बरोबर होतं. म्हातारीचं वाक्य माझ्या कानात होतं. पण ते खरं मानलं असतं तर हाही तपास तिचाच झाला असता. मी म्हणालो, "आरोपीनं कबूल केलंय. तुम्ही जनावरं सांभाळा."

थोरल्यानं न्यायालयातही कबुली दिली. दंड झाला. धाकटा आईला भेटायला यायचा तो भाऊ कामावर गेल्यावर यायचा. आईनंही त्यानंच मारलं असं मानून थोरल्याशी बोलणं जवळपास टाकलं. सरडे धाकट्यानं नेले नाहीत. उपनिरीक्षिकेनं ते मला न विचारता थोरल्याच्या हाती दिले.

मी ज्याच्या डोळ्यांत मत्सर ओळखला त्याला गुन्हेगार ठरवलं, कारण त्याच्या जागी मी काय केलं असतं ते मला माहीत होतं. त्यानं मात्र तसं काही केलं नव्हतं. मत्सर घेऊनही माणूस नीट वागू शकतो, हे मला त्याच्याकडून शिकावं लागलं.

म्हातारी गेल्याचं यंदा कळलं, तेव्हा मी अकोल्याला गेलो. मे महिना. तो बैठकीत घामानं निथळत बसला होता, कूलर बंद. कोपऱ्यात दिव्याखाली विटेवर एक म्हातारा सरडा पडला होता.

"याले ओल बाधते," तो म्हणाला. "दुसरा गेला मागच्या साली."

मी म्हणालो, खरं काय ते मला छापायचं आहे. आता आई नाही. तुमची हरकत नसेल तर.

त्यानं सरड्यापुढे जास्वंदीचं फूल ठेवलं. मग म्हणाला, "छापा. पन आईनं मारलं असं नका लिहू साहेब. आईनं कूलर लावला, असं लिहा."

तसंच लिहिलं आहे.