चाकणची सवाष्ण

मी एका सवाष्णीचं कुंकू पुसलं. टर्पेंटाइननं पुसलं, चोळून पुसलं, आणि पुसून झाल्यावर दोन पावलं मागं सरून, मान तिरकी करून स्वतःच्या कामावर खूशही झालो. बाई चित्रातली होती, एवढीच काय ती माझ्या बाजूची गोष्ट. ज्याच्या घरात बसून मी हा उद्योग केला तो माझा मित्र सदाशिव, चिंचवडच्या शाळेतला ड्रॉइंग मास्तर, या श्रावणात गेला. पहिली पाळी सुटल्यावर मी कारखान्याच्या फाटकातून सायकल बाहेर काढत होतो, तेव्हा वॉचमन म्हणाला, "साहेब, तुमचे ते पगडीवाले मास्तर वारले म्हणे." सदूनं जन्मात कधी पगडी घातली नव्हती. बोडक्या डोक्यानं हिंडायचा. पण सायकलच्या कॅरिअरला पगडीवाल्या सरदारांच्या तसबिरी बांधून तो पुण्याहून यायचा, म्हणून गावानं त्याला ते नाव ठेवलं होतं. कावीळ झाल्याचं मला ठाऊक होतं. आदल्याच आठवड्यात त्याला भेटून आलो होतो. तरी वॉचमनला मी विचारलं, "कुठले मास्तर?"

मग शोकसभा झाली. गावच्या एका पुढाऱ्यानं मास्तरांनी किती सुंदर चित्रं काढली याचं रसाळ वर्णन केलं. सदूनं फळ्यावरच्या आंब्या-पेरूंपलीकडं काही काढलं नव्हतं. तो जुनी चित्रं जमवायचा. ती मांडायला शाळेतली एक पडकी खोली द्या म्हणून याच पुढाऱ्याच्या ओसरीवर तो कितीदा तरी बसून आला होता आणि दर वेळी चहा पिऊन परतला होता. सभेत मी पुढच्या रांगेत होतो. उठून काही बोललो नाही. शेवटी सगळ्यांबरोबर दोन मिनिटं उभा राहिलो आणि तेवढ्यात माझी चप्पल कुणीतरी नेली. सदू असता तर पोट धरून हसला असता.

जुन्या माणसांच्या तसबिरी, म्हणजे फोटो नव्हे, हातानं रंगवलेल्या. इनामं गेली तशी मोठमोठ्या घरांतली अडगळ पुण्याच्या जुन्या बाजारात येऊन पडायला लागली. व्यापारी सागवानी चौकट आणि काच काढून घ्यायचा. आतला आजोबा कोळशाच्या पोत्यावर झाकायला. सदू नेमका तो आजोबा मागायचा. चौकटीला हात न लावता नुसतं चित्र नेणारा हा कोण वेडा, म्हणून व्यापारी आधी हसले, मग त्यांनी कोळशावरच्या आजोबांचाही भाव वाढवला. त्याच्याबरोबर हिंडून मलाही थोडं कळायला लागलं, निदान मला तसं वाटायला लागलं. पेशवाई थाटाचं चित्र असलं की माणूस एका बाजूनं दिसणार, लोडाला टेकलेला, हातात फूल, डोळा माशासारखा लांब. पुढं साहेबी थाट आला, की तेच घराणं खुर्चीवर बसणार, मागं पडदा, बाजूला खांब, हात पुस्तकावर. सदू म्हणायचा, "बंडोपंत, पुस्तकावर हात ठेवलेला इनामदार दिसला, की समजायचं, याला वाचता येत नव्हतं." एकदा मी एकटाच बाजारात गेलो आणि हुशारी करून एक अस्सल पेशवेकालीन सरदार घेऊन आलो. सदूनं तो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि शांतपणे म्हणाला, "सरदार छान आहेत. मागं आगगाडीचा पूल आहे तेवढा." मी त्याला डोंगर समजलो होतो.

चिंचवडगावातल्या त्याच्या दोन खोल्यांत हे सगळे थोर लोक बिनचौकटीचे, भिंतींना टेकून बसलेले असायचे. कमलवहिनींचा मोठा वांधा व्हायचा. समोर एवढी वडीलधारी मंडळी बघून त्यांचा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडं जायचा. "भावोजी," त्या मला म्हणायच्या, "माझे सासरे लग्नाआधीच गेले म्हणून सुटले समजत होते. यांनी घरभर सासरेच आणून बसवले." सदू म्हणायचा, खरंच की, सासरेच सगळे. एवढ्या चित्रांत एक बाई नाही. चितारी दारात आला की पुरुष जरीचा अंगरखा घालून बसायचे, आणि बाया आत त्या चितार्‍याच्या भाकरी थापायच्या... बाई मिळायला हवी, असं त्याच्या मनानं घेतलं. आणि ती मिळाली चाकणला.

चाकणच्या एका जुन्या शेतकरी घरात, पाटलांच्या घरात म्हणू, कांद्याच्या वखारीमागच्या खोलीत एका पेटीत ती होती. नऊवारी, नथ, मोकळे पाय, पेशवाई डोळे. पण मागं साहेबी पडदा. म्हाताऱ्या पाटलाचं चित्र काढायला आलेला चितारी पावसानं अडकला आणि बसल्या बसल्या त्यानं पाटलिणीलाही रंगवलं, अशी हकिगत. पुढं ती तरुणपणीच, नवऱ्याच्या आधी गेली. म्हणून दर पितृपक्षात अविधवा नवमीला हे चित्र पेटीतून निघायचं, पाटावर बसायचं, त्याच्या कपाळाला कुंकू लागायचं, सवाष्ण जेवायची आणि चित्र परत पेटीत. घरात आता सगळ्यांत थोरली म्हणजे त्या पाटलिणीची लेक, गंगूआत्या. नवरा गेल्यावर भावाच्या घरी आलेली, आता भाचे-सुनांवर राज्य करणारी. सदूनं विकत मागितल्याबरोबर आत्या हसली. "आई इकत्यात व्हय, मास्तर? मी रांगत व्हते तवा ती गेली. मला तिचं तोंड ठावं न्हाई, ह्येच ठावं." पण चित्र उंदरांनी कोपऱ्यात कुरतडलं होतं, कापड लोंबत होतं. विकत घ्यायला गेलेला हा माणूस फुकट दुरुस्ती अंगावर घेऊन आला. नवमीच्या आत परत आणून देतो म्हणाला.

सदूचा एक नियम होता. जुन्या चित्राला मागनं ठिगळ लावायचं, धूळ झटकायची, पुढून हात लावायचा नाही. नियम मला पाठ होता. फक्त तो कुंकवाला लागू आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या बाईच्या कपाळावर वर्षानुवर्षांच्या कुंकवाचा बंद्या रुपयाएवढा जाड थर साचला होता. काळा पडलेला, तडकलेला. मला वाटलं, सदूनं मेहनतीनं ठिगळ लावलंय, आपणही मित्राला हातभार लावावा. मी कारखान्यात स्टोअरला होतो, आणि तेव्हा आमची अशी समजूत होती की जगातला कुठलाही डाग जाईल असं काहीतरी आमच्या स्टोअरमध्ये असतंच. सदू शाळेत, वहिनी नदीवर धुणं घेऊन. मी बाटली उघडली. थर निघाला. त्याच्याबरोबर खालचा रंगही निघाला, आणि पाटलिणीच्या कपाळावर नुसतं पांढुरकं कापड राहिलं. हातातलं फडकं लालभडक झालं होतं. वाया कशाला घालवा म्हणून त्याच फडक्यानं मी माझी सायकल पुसली.

वहिनी आधी आल्या. त्यांनी धुण्याची बादली दारातच ठेवली आणि पदर तोंडाला लावला. मग सदू आला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर माझ्यावर उपकार झाले असते. तो चित्रासमोर मांडी घालून बसला. मी म्हटलं, "अरे, एक टिकली काढायला तुला काय लागतं? ड्रॉइंग मास्तर आहेस. तांबडा रंग घे, लाव." तो म्हणाला, "दुसऱ्याच्या बायकोला कुंकू लावणारा मी कोण?" आणि नवमीला ती तशीच, धोतरात गुंडाळून, एस.टी.नं चाकणला घेऊन गेला. मीही गेलो. जाऊ नये हे मला कुणी सांगितलं नाही.

आत्यानं धोतर उघडलं. सुना दारात होत्या, त्या आत पळाल्या. आत्या म्हणाली, "माझ्या बापानं लावलेलं कुंकू व्हतं त्ये. तिला मसनात न्यायच्या आधी हितं लावलं, आन् मंग जगला तंवर दर साली लावलं. त्याच्या हातचं तळाला, सुनांचं त्याच्यावर." मग माझ्याकडं बघून विचारलं, "ह्यांनी पुसलं?" सदू म्हणाला, "माझ्या घरात पुसलं गेलं." आत्यानं चित्र उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. अशी बिनकुंकवाची घरात घेता यायची नाही म्हणाली. "तुमाला पायजे व्हती ना? न्या."

ज्या चित्रासाठी तो तळमळत होता ते त्याला असं मिळालं. त्यानं ते कधी लावलं नाही, कुणाला दाखवलं नाही. भिंतीकडं तोंड करून ठेवलं. त्यानंतर तो जुन्या बाजारात गेला नाही. एकच ध्यास उरला, की ती बाई आपल्या घरी परत गेली पाहिजे. दर नवमीला शाळेत रजा टाकायचा, धोतरात चित्र गुंडाळायचा, आणि भोसरी-मोशीवरून चाकण. ओट्यावर बसायचा. आत्या त्याला जेवू घालायची, पुरण वाढायची, गावच्या गोष्टी सांगायची. आणि निघताना चित्र पुढं केलं की मान हलवायची. "न्हाई मास्तर. फुडल्या साली बगू." संध्याकाळी तो परत यायचा तेव्हा त्याचा चेहरा बघवायचा नाही. वहिनी म्हणायच्या, नवमी जवळ आली की यांना अन्न गोड लागत नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "दे ना सोडून! म्हातारी हट्टी आहे." तर म्हणाला, "तिला आईचं दुसरं तोंड नाही रे, बंडू." त्या वेळी मला राग आला तो म्हातारीचा. खरं तर त्याचा येत होता, कारण एवढं सगळं होऊन तो माझ्याशी पहिल्यासारखाच वागत होता, माझ्याच घरी येऊन चहा पीत होता. असल्या माणसाबरोबर राहणं सोपं नसतं.

शेवटच्या भेटीत डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. मी काहीबाही विनोद केले, माझ्या साहेबाची नक्कल करून दाखवली. तो हसला आणि म्हणाला, "नवमी कधी आहे रे यंदा? या वेळी घेईल ती. मागच्या खेपेला जरा मऊ वाटली." मी म्हटलं, "तोवर तू ठणठणीत होशील, आपण दोघं जाऊ." हे असलं आपण सगळेच बोलतो...

दिवस झाल्यावर वहिनींनी मला बोलावलं. कपाळ मोकळं, समोर भिंतीला टेकलेले ते सगळे सरदार. पदराकडं हात जात नव्हता. म्हणाल्या, "बाकीचं मी बघते. हे तेवढं तुम्ही पोचवा, भावोजी. घेतली तर घेतली." मी नको म्हणू शकत नव्हतो.

म्हणून या नवमीला मी एकटा चाकणला गेलो. आत्या ओट्यावरच होती, वाट बघत. रस्त्याकडं नजर. मला बघून माझ्यामागं बघितलं. "मास्तर कुटं हाय?" मी सांगितलं. तिनं गुंडाळीसाठी हात पुढं केले. मग धोतर उघडलं, चित्र मांडीवर घेतलं आणि आतल्या सुनेला हाक मारली, "करंडा आन गं. आन् पाट मांड." म्हणजे घेतलं. इतक्या सहज. इतकी वर्षं ज्यासाठी तो झुरला ते पाणी मागावं तसं होऊन गेलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "आत्या, हेच करायचं होतं तर त्याच्या हयातीत का नाही केलं? रिकाम्या कपाळाची घरात चालत नव्हती ना?"

"पयल्या साली राग व्हता," आत्या म्हणाली. "दुसऱ्या साली न्हवता. कुंकू काय, सुना लावत्यात की नवं. पर ठिवून घेतलं असतं तर मास्तर कशापायी आला असता फिरून? आमच्याकडं कोन येतंय? कांदं घ्याया येत्यात, आन् आता जिमिनी बगाया येत्यात मोटारीतनं. त्यो एकलाच आईला बगाया यायचा."

"अहो, तो खंगला यापायी. नवमी जवळ आली की जेवायचा नाही."

"हितं तर चांगला जेवायचा." आत्यानं मांडीवरचं चित्र सावरलं. "दोन डाव पुरन मागून घ्यायचा. मला वाटायचं, त्याला बी यावंसं वाटतंय... बोलला का न्हाई मग? येडाच म्हनायचा."

बोलला का नाही! दोघं समोरासमोर बसून पुरणपोळी खात होते. एक स्वतःला अपराधी समजून, एक त्याला पाहुणा समजून. आणि हे सगळं ज्याच्यामुळं झालं तो चिंचवडला सायकलवर शीळ घालत फिरत होता. आतून समईचा उजेड ओट्यापर्यंत आला. पाटलीण पाटावर बसली असावी. मला उंबऱ्याच्या आत कुणी बोलावलं नाही, पण जेवायला ओट्यावर वाढलं. वाढणारी सून ताट ठेवून, कपाळावरचं कुंकू चाचपत झटकन आत गेली. हात धुतल्यावर मला वाटलं, सदूची जागा आपण चालवावी. तेवढं तरी. मी घसा साफ करून म्हटलं, "आत्या, त्याच्या जागी दर नवमीला मी येत जाईन."

आत्यानं मला पहिल्यांदा नीट न्याहाळलं. म्हणाली, "तुमी नका येऊ. तुमी वट्यावर बसलाय तवापास्नं माज्या दोनी सुना आरशाम्होरनं हलंनात."