एकदाच विचारणारे सर

सर कोणालाही कुठलीही गोष्ट एकदाच विचारत. "चहा घेणार?" असं त्यांनी विचारलं आणि तुम्ही रीतीप्रमाणे "नको सर, आत्ताच झाला" म्हणालात की विषय संपला. मग ते स्वतःचा कप भरून घेत आणि तुमच्यासमोर शांतपणे पीत बसत. त्यात उद्धटपणा नव्हता, कंजूषपणा तर मुळीच नव्हता. विचारलं, उत्तर मिळालं, त्याप्रमाणे केलं, एवढंच. आमच्याकडे मात्र पहिल्या नकाराला कोणी नकार समजत नाही. पाहुणा दोनदा नको म्हणतो, तिसऱ्यांदा "बरं, अर्धा कप" म्हणतो आणि भरलेला कप संपवतो. सरांकडे ती तिसरी वेळ यायचीच नाही. त्यामुळे बोईसरजवळ सरावली गावात त्यांच्या खोलीवर गेलेला प्रत्येक जण सुरुवातीला कोरड्या घशाने परत आला.

साठचं दशक संपत आलं होतं. तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम चालू होतं आणि त्याच्या आधाराने बोईसरला लहानमोठ्या ठेकेदारांची ऑफिसं उघडली होती. अशाच एका ऑफिसात मी टायपिस्ट होते. सातपाटीहून पालघर आणि तिथून गाडीने बोईसर, असा माझा रोजचा प्रवास. आमच्या मालकांनी मुंबईतला एक कॉम्प्युटर ठरावीक तास वापरायला घेतला आणि त्याला कामं कशी सांगायची हे शिकवायला सरांना आमच्याकडे धाडलं. सर साताऱ्याकडचे, वय चाळिशीच्या आसपास, लग्न झालेलं नव्हतं. ते का झालं नव्हतं, याबद्दल चहाच्या अनुभवावरून ऑफिसात बरेच तर्क चालत.

आमच्यापैकी कोणीही कॉम्प्युटर पाहिलेला नव्हता. सरांनी त्यावर उपाय काढला. ऑफिसमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी आम्हालाच यंत्र बनवलं. एकजण टेबलाशी बसून कार्ड वाचणार. कार्डावरचा आकडा तो चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकणार. दुसरा डब्यात डोकावून ठरवणार की आता कुठे जायचं. होकार म्हणजे एक, नकार म्हणजे उणे एक, आणि कार्ड कोरं आलं तर यंत्र ते शून्य धरतं. डब्यात एक असेल तर पुढच्या दाराने जायचं, उणे एक असेल तर मागच्या, आणि शून्य असेल तर खिडकीशी जाऊन गप्प उभं राहायचं, म्हणजे काम बंद. शेडबाहेरून जाणारे गवंडी हा प्रकार बघत थांबत. शिकलेली माणसं पगार घेऊन दारांतून आत-बाहेर करतायत, याचं त्यांना फार नवल वाटे.

"जर हे असेल तर ते करा, नसेल तर हे करा," असं सर दिवसभर बोलत, म्हणून आम्ही त्यांना पाठीमागे जर-तर सर म्हणत असू. "यंत्राला मन वाचता येत नाही," ते सांगायचे. "कार्डावर जेवढं आहे, तेवढंच त्याला कळतं. त्याच्यावर रागावू नका." ते स्वतःही तसेच जगत. माझी आई बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. सरांनी एकदा पापलेटचा भाव विचारला, आईने सांगितला, तो त्यांना परवडला नाही, ते निघून गेले. घरी आल्यावर आई मला म्हणाली, "तुझा सर आजारी हाय काय? भाव सांगितला नी वळला. घासाघीस नाय तर नाय, निदान तोंड तरी वाकडं करायचं."

मला मात्र ते आवडत. माझं चुकलं तर ते "चूक आहे" म्हणत, बरोबर आलं तर "बरोबर आहे" म्हणत, आणि मी मुलगी आहे, कोळ्याची आहे, याचा उल्लेख दोन्ही वेळेला करत नसत.

वर्षाच्या शेवटी त्यांनी परीक्षा घेतली. पास झालेल्याला सहा महिने मुंबईला प्रत्यक्ष यंत्रावर शिकायला मिळणार होतं. पास मी एकटीच झाले. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मिस तांडेल, तुम्ही मुंबईला जाणार का?"

मला जायचं होतं. दुसरं काहीच नको, इतकं जायचं होतं. पण भरल्या वर्गात, पुरुषांसमोर, घरी विचारल्याशिवाय मुलीने पटकन हो म्हणायचं? माझ्या तोंडून आपसूक आलं, "नाही सर, मला नाही जमायचं." आता ते म्हणतील, घरी बोलून बघा, विचार करा, एवढी संधी कशाला सोडता. मग मी मान खाली घालून "बघते" म्हणेन. सर म्हणाले, "ठीक आहे. सोमवारी मुंबईला कळवतो की आपल्याकडून कोणी नाही." आणि फळा पुसायला वळले. गाडीत मी पालघर येईपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून बसले होते. रडू आवरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सरांनी धड्याला चहाचंच उदाहरण घेतलं आणि खरी किटली मागवली. टेबलाशी मी होते, डब्याशी शिंदे नावाचा क्लार्क. तेवढ्यात गोदामाचे राऊतकाका किल्ल्या द्यायला आले. एडवण गावचे वयस्कर गृहस्थ, चहाचे मोठे शौकीन. सर म्हणाले, "बरं झालं. यांनाच विचारा."

"काका, चहा घेणार?"

"नको गो पोरी, आताच झाला."

मी उणे एकची चिठ्ठी डब्यात टाकली. शिंदे मागच्या दाराकडे गेला. कप पुढच्या माणसाला मिळाला. काका बाकावर टेकले आणि किटलीकडे बघत राहिले. किटली रिकामी झाली तसे उठले. "एकदाच इचारता होय तुमी?" ते म्हणाले. "आमच्या एडवणला कुत्र्याला पन दोनदा बोलावतात."

आम्ही तोंडावर हात धरून हसलो. सर हसले नाहीत. काका गेल्यावर त्यांनी विचारलं, "त्यांना चहा हवा होता?"

"हो सर."

"मग नको का म्हणाले?"

शिंदे म्हणाला, "सर, लगेच हो म्हटलं तर माणूस हावरट दिसतो."

"म्हणजे ते उत्तरच नव्हतं," सर म्हणाले. "कार्ड कोरंच होतं." ते खिडकीशी जाऊन बराच वेळ हात मागे बांधून उभे राहिले. मग वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

रविवारी ते सातपाटीला आमच्या दारात हजर. बाबा ओट्यावर जाळं विणत होते. शेजारी बोंबील वाळत होते आणि त्या वासाने सरांचे डोळे थोडे बारीक झाले होते. बाबांनी विचारलं, "चाय टाकू?" सर म्हणाले, "हो." आतून आईची भांड्यांची धावपळ ऐकू आली. पाहुण्याच्या दोन नकारांच्या वेळात ती चूल पेटवणार होती.

"मुलीला सहा महिने मुंबईला पाठवाल का?" सरांनी विचारलं.

"नाय," बाबा म्हणाले. "पोरीला एकटी कुठं धाडणार आमी?"

मला वाटलं, आता सर उठणार, चपला घालणार. पण सर बसून राहिले. चहा पिऊन झाला. जाळ्याचे डोळे लहानमोठे का असतात, ते त्यांनी विचारून घेतलं. मग अगदी पहिल्याच आवाजात म्हणाले, "मुलीला मुंबईला पाठवाल का?"

"नाय बोललो ना मास्तर." पण बाबांचा आवाज या वेळी खाली आला होता. दारातून आई म्हणाली, "मुंबईत माहीमला माझी भयन हाय."

सरांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे वळले. "मिस तांडेल, तुम्ही जाणार का?"

मी बाबांकडे पाहिलं. ते जाळ्याकडे बघत होते.

"जाणार," मी म्हणाले.

"मंग मला कशाला इचारता," बाबा म्हणाले आणि त्यांनी सुई पुन्हा जाळ्यात घातली.

सोमवारी वर्गात नियम बदलला. खिडकीशी गेलेल्याने तिथेच उभं राहायचं नाही, टेबलाशी परत यायचं आणि नवं कार्ड वाचायचं. शिंदेने विचारलं, "आणि तेही कोरं निघालं तर? माणूस खिडकी आणि टेबल यांच्यामध्ये फिरतच राहील."

"म्हणून मोजायचं," सर म्हणाले. "तिसऱ्यांदाही कोरं आलं तर थांबायचं. तिसऱ्याच्या आत नाही."

मी मुंबईला गेले. थंड खोलीतलं ते यंत्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यात बिस्किटांचे डबे कुठे असतील, असाच विचार मनात आला. पुढची सगळी नोकरी मी त्याच कामात काढली. बोईसरचं काम आटोपल्यावर सरांची बदली झाली. वर्षाला एखादं पत्र यायचं, त्यात मोजकी वाक्यं असायची.

त्यांची शेवटची भेट साताऱ्याला झाली. खूप थकले होते, आरामखुर्चीतून उठायला हात टेकावे लागत. मी समोर बसले, इकडचं तिकडचं बोललो.

"चहा घेणार?" त्यांनी विचारलं.

"हो," मी लगेच म्हणाले. आयुष्यभर मी असंच उत्तर देत आले, त्यांच्यामुळे.

सर उठले नाहीत. पुढे वाकून, अगदी पहिल्याच आवाजात, त्यांनी पुन्हा विचारलं, "घेणार ना चहा?"