वाऱ्यावर सोडलेला प्रोसेसर

सदर इसम, वय वर्षे अठ्ठावन्न, उंची मध्यम, बांधा एअरकंडिशनर खांद्यावरून जिना चढवण्याजोगा, व्यवसाय शीतयंत्रदुरुस्ती, अनुभव चौतीस वर्षे. ओळखीची खूण : कोणत्याही खोलीत शिरल्यावर आधी माणसांकडे न पाहता खिडकीच्या वर पाहतात. टोपणनाव बर्फमास्तर. एका शनिवारी सकाळी आठ वाजता त्यांची नेमणूक पत्नीच्या संगणकाचे उष्णतानियंत्रक अधिकारी या पदावर, तोंडी व बिनपगारी, करण्यात आली. नेमणुकीच्या आदेशाचा मजकूर एवढाच होता : "अहो, काहीतरी करा!"

पत्नी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या बाई. गेली तीन वर्षं त्या इस्त्रीच्या टेबलाला टेबल जोडून एक आठ मिनिटांचा ॲनिमेशनपट करत होत्या. शर्टावरून तुटलेलं एक बटण आपला शर्ट शोधत गावभर हिंडतं, अशी गोष्ट. स्पर्धेला तो पाठवायची मुदत रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत. शेवटच्या प्रसंगातला उजेड बाईंना आवडला नाही म्हणून त्यांनी तो पुन्हा केला आणि आता त्यातली सातशे चित्रं संगणकाने तयार करायची राहिली होती. एका चित्राला तीन मिनिटं. बाईंनी कॅलेंडरच्या पाठीवर गुणाकार केला. लागणार पस्तीस तास, हातात तेहेतीस.

यावर तोड बाईंच्या धाकट्या भावाने फोनवर सुचवली होती. त्याचं संगणकाचं दुकान. प्रोसेसर कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येतो, त्याला ओव्हरक्लॉक म्हणतात. मग एक चित्र अडीच मिनिटांच्या आत होईल. बाईंनी पळवून पाहिला. अकराव्या मिनिटाला संगणकाने डोळे मिटले.

"पंखा लहान आहे गं, ताई," भाऊ म्हणाला. "दाजींना घेऊन दुकानात ये. बारा-साडेबारापर्यंत सुरू झालं तर अजून जमेल."

दुकान उघडायच्या आधी दाजी शटरपुढे उभे होते. खिशात मेजरटेप.

"हे घ्या, दाजी. प्रोसेसर गार करायचा कूलर. पाण्यावर चालतो. आजकाल सगळे हेच नेतात."

"पाणी फिरतं कशातून?"

"या दोन नळ्यांतून. एकदम पक्क्या. गळत नाहीत."

बर्फमास्तरांनी मेहुण्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "चौतीस वर्षं मी गळत्याच शोधतोय. प्रत्येक नळी बसवणाऱ्याने हेच सांगितलं होतं. त्यातल्या दोन तर मीच बसवल्या होत्या."

"अहो, पण हे सीलबंद असतं!"

"आणि पंप बंद पडला तर? पंखा थांबला तर डोळ्यांना दिसतो. पंप थांबला तर काय, पत्र येणार?"

मेहुण्याने हवेवर चालणारे कूलर काढले. पहिला दोन मनोऱ्यांचा, भरभक्कम. मास्तरांनी टेप लावली. एकशे पासष्ट मिलिमीटर. घरी संगणकाच्या कॅबिनेटच्या आत एकशे साठचीच जागा.

"झाकण उघडं ठेवा की."

"तिथं मांजर बसते," बाई म्हणाल्या. विषय संपला.

दुसरा उंचीला बसत होता, पण मेमरीच्या पट्ट्यांवर मांडी घालणार होता. तिसरा एका मनोऱ्याचा, एकशे पंचावन्न, पत्र्याच्या पातळ पात्यांतून तांब्याच्या सहा नळ्या गेलेल्या. मास्तरांनी तो उलटासुलटा केला.

"या नळ्या पोकळ आहेत?"

"हो. आत थेंबभर पाणी. खाली तापून त्याची वाफ होते, वर जाऊन गार होते, परत खाली येते."

"अरे!" मास्तर इतक्या जोरात ओरडले की शेजारचं गिऱ्हाईक दचकलं. "हा तर माझाच धंदा! नुसता कॉम्प्रेसर काढून टाकलाय! बघितलंस का गं?"

"म्हणजे यातही पाणी आहेच," बाई म्हणाल्या.

"आहे, पण घर सोडून जात नाही. बांध रे हा!"

घरी जुना पंखा निघाला, प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी पडली, मनोरा उभा राहिला. मास्तरांनी शीळ घालत त्याला पंखा अडकवला, झाकण लावलं. अकरा चाळीसला बाईंनी वेग वाढवून काम सुरू केलं. दोघं पडद्यावरच्या तापमानाच्या आकड्याकडे टक लावून बसले. सत्तर. पंच्याऐंशी. सत्त्याण्णव. तिथे प्रोसेसर आपणच धापा टाकत हळू झाला. पहिलं चित्र व्हायला तीन मिनिटं दहा सेकंद.

"आधीपेक्षा जास्त!" बाईंचा आवाज चिरकला. "अहो, तीन वर्षं घातलीत मी यात."

मास्तरांनी स्क्रू तपासले, पेस्ट तपासली, मेहुण्याच्या सात पिढ्यांबद्दल शंका घेतली.

"ते माझेही पूर्वज आहेत," बाई म्हणाल्या. मग त्यांनी उरलेलं वर्गातलं शस्त्र बाहेर काढलं. पोरांना हलणारी कुठलीही गोष्ट काढायला शिकवताना त्या आधी नुसते बाण काढून घेत. ट्रेसिंग पेपर आणि पेन्सिल त्यांनी नवऱ्यापुढे सरकवली. "वारा कुठून येतो, कुठे जातो, काढा."

"आता चित्रं काढत बसू?"

"काढा म्हणते ना!"

मास्तरांनी कॅबिनेटचा चौकोन काढला. पुढच्या पंख्यांचा बाण आत. मागच्या पंख्याचा बाण बाहेर. मग नव्या कूलरचा. पेन्सिल थबकली. तो बाण पुढच्या बाणांवर समोरून जाऊन आदळत होता.

एसीच्या बाहेरच्या डब्यातला पंखा जाळीतून वारा ओढतो आणि समोर मोकळ्यावर फेकतो. मास्तरांच्या हाताने इथेही मोकळी बाजू बघून पंखा तसाच लावला होता. मोकळी बाजू पुढची होती.

"आपलाच वारा आपल्याच तोंडावर," मास्तर पुटपुटले.

"बोलू नका, फिरवा!"

पंखा फिरवायला चार मिनिटं लागली, त्यातली दोन क्लिप शोधण्यात गेली. बारा दहाला पुन्हा सुरू. सत्तर. शहात्तर. एकोणऐंशी. एकोणऐंशी. एकोणऐंशीच!

"किती लागला वेळ? किती?"

"दोन बावीस! दोन मिनिटं बावीस सेकंद!" बाईंनी कॅलेंडरवर धाड धाड गुणाकार केला आणि टाळी वाजवली. "चारच्या आत होतंय!" मास्तरांनी झाकणावर हात ठेवून पाहिला, मागून येणारा गरम झोत तोंडावर घेतला आणि लॉटरी लागल्यासारखे हसले. मांजर झाकणावर येऊन बसली. ऊबही मिळत होती.

त्यानंतरचा सगळा दिवस आणि रविवारची सकाळ मास्तर खुर्ची सोडून फारसे हलले नाहीत. दर अर्ध्या तासाने, कोणी विचारलं नसताना, घरभर ऐकू जाईल असा पुकारा होई : "अठ्ठ्याहत्तर! परिस्थिती नियंत्रणात!"

सातशेवं चित्र रविवारी पावणेचारला झालं. बाईंनी बटण शर्टापर्यंत पोचवलं, फिल्म जोडली, पाठवली. चार बावीसला पोचपावती आली. त्यांनी किंचाळून हाक मारली.

अधिकारी खुर्चीतच झोपले होते, तोंड उघडं टाकून.